वसंतातील फुलोऱ्यावरील किडी : उदगीर परिसर व त्यांच्या ओळखीचा इतिहास

बालाघाटच्या पठारावरील उदगीर परिसरात (जि. लातूर) वसंताचा फुलोरा पंचांगातील चैत्राची वाट पाहत नाही. पौष-माघातच गावरान आंब्यांना मोहोर येऊ लागतो. त्याच सुमारास काळ्या रानातील करडई पिवळीकेशरी दिसू लागते. फाल्गुनात पळस फुलतो आणि उन्हाचा ताव वाढला की परसातील मोगरा कळ्या धरतो. या फुलोऱ्यावर जगणाऱ्या किडी बहुधा काही मिलिमीटर लांबीच्या असून त्यांचा वास सालीच्या फटीत, कळीच्या पोटात किंवा फुलाच्या पाकळ्यांआड असतो. त्यांनी केलेली हानी दुरूनही दिसते. त्या मात्र सहसा दिसत नाहीत. त्यामुळे फुलोरा जळण्याचा अनुभव फार जुना असला, तरी तो जाळणारा जीव कोणता, हे निश्चित ठरविण्याचा इतिहास सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही. या इतिहासात योग्य ओळखीइतकेच महत्त्व चुकीच्या ओळखीला आहे. कारण एकाची शिक्षा दुसऱ्याला झाली, की त्या वर्षीचा बहर हातचा जात असे.

जुन्या संस्कृत ग्रंथांत झाडांच्या रोगांचा विचार आढळतो. वराहमिहिराने (सहावे शतक) बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात झाडांचे रोग थंडी, वारा व ऊन यांमुळे होतात असे सांगून पाने पिवळी पडणे, अंकुर न वाढणे, फांद्या वाळणे व रस गळणे ही त्यांची लक्षणे दिली आहेत. रोगट भाग शस्त्राने काढून तेथे वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, असा त्याचा उपचार आहे. सुरपालाचा वृक्षायुर्वेद हा त्यानंतरचा ग्रंथ. त्याची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात असून नलिनी साधले यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद १९९६ मध्ये सिकंदराबाद येथून प्रसिद्ध झाला. सुरपालाने माणसाप्रमाणेच झाडांनाही वात, पित्त व कफ यांचे विकार मानले आणि त्यांखेरीज बाहेरून होणाऱ्या पीडांत कृमिकीटकांना स्थान दिले. मोहरी, हिंग, वेखंड, वावडिंग यांची धुरी हा त्यावरील त्याचा इलाज होय. उदगीरच्या वाचकाला जवळचा वाटेल असा ग्रंथ म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास (सु. ११३०). ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ते उदगीरहून फार दूर नाही. राजाच्या क्रीडांचे वर्णन करताना या ग्रंथात उद्याने व त्यांतील वृक्षांची निगा यांचाही विचार आला आहे.

या ग्रंथांना कीड ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. मात्र ती त्यांच्या लेखी सर्वसाधारण ‘कृमी’ होती. कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, कोणत्या अवयवावर कोणता कृमी येतो, अशी वर्गवारी करण्याची गरज त्यांच्या उपचारपद्धतीला भासली नाही. कारण धुरी सर्वांना सारखीच होती. ही गोष्ट दोष म्हणून सांगण्यासारखी नाही. विसाव्या शतकातील फवारणीचा पंपही पुष्कळदा याच न्यायाने चालविला गेला, हे पुढे दिसेल.

लोकव्यवहारातील ओळख ग्रंथांपेक्षा अधिक बारीक होती. मराठीतील किडींची नावे पाहिली म्हणजे नाव ठेवणाऱ्याने काय पाहिले व काय ऐकले हे उमगते. मोहोर आलेल्या झाडाखाली उभे राहून फांदी हलविली असता असंख्य लहान कीटक एकदम उडतात आणि पानांवर आपटताना पावसाच्या थेंबांसारखा तडतड आवाज होतो. त्यांचे ‘तुडतुडे’ हे नाव या आवाजाची व उडीची आठवण करून देते. कोवळ्या शेंड्यांवर दाटीने बसून रस शोषणारा तो ‘मावा’, फुलांत सापडणारे चिमुकले ते ‘फुलकिडे’, पानांवर व मोहोरावर पिठासारखा थर येतो ती ‘भुरी’, आणि पाने चिकट होऊन चकाकू लागली की ‘चिकटा’. यांतील पहिली तीन नावे जिवांची आहेत, उरलेली दोन लक्षणांची. भुरी ही कीड नसून कवक (बुरशी) आहे, तर चिकटा हा रोगही नव्हे आणि कीडही नव्हे. रस शोषणाऱ्या किडींनी बाहेर टाकलेला तो गोड द्रव होय. बोलीभाषेत मात्र ही सर्व नावे एकाच ओळीत बसतात आणि सर्वांसाठी ‘रोग पडला’ हे एकच वाक्य पुरते.

‘पडला’ हे क्रियापद येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मोहोरावरचा चिकट द्रव आभाळातून पडतो, अशी समजूत महाराष्ट्राच्या पुष्कळ भागांत होती व काही ठिकाणी ती अजूनही ऐकू येते. आभाळ भरून आले, सकाळी धुके पडले, दोन-तीन दिवस सूर्यदर्शन झाले नाही, की मोहोर काळा पडतो, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा होता व तो खोटा नव्हता. ढगाळ, दमट हवेत तुडतुडे व भुरी या दोहोंचीही वाढ झपाट्याने होते. चूक होती ती कारणाची साखळी लावण्यात: हवा ही निमित्त होती, मोहोर खाणारा जीव निराळाच होता. तुडतुडे रस शोषतात, त्यांच्या अंगातून साखरमिश्रित द्रव पाझरतो, तो खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढून पाने काजळी धरल्यासारखी दिसतात. काळी पडलेली पाने पाहणाऱ्याला बुरशी दिसते, चिकट पानांना हात लावणाऱ्याला चिकटा सापडतो. उलट या दोहोंच्या मुळाशी असलेला कीटक मोहोर संपताच खोडाच्या सालीत जाऊन दडलेला असतो. वरून खाली पडणाऱ्या द्रवाचा उगम आभाळात शोधला गेला, यात नवल ते काय ?

तुडतुड्यांना शास्त्रीय नाव मिळाले ते १८८९ मध्ये, आणि तेही आंब्याच्या झाडापासून हजारो कोस दूर. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये त्या काळी देशभरातून कीटकांचे नमुने गोळा होत होते. या संग्रहालयाच्या कामात रस घेणारे सनदी अधिकारी एडविन ॲटकिन्सन यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना हिमालयीन प्रदेशाच्या गॅझेटियरमुळे परिचित आहे. पण अर्धपक्ष (हेमिप्टेरा) गणातील कीटकांचाही त्यांना व्यासंग होता. आंब्यावरील तुडतुड्यांचे वर्णन फ्रान्समधील लील येथील कीटकशास्त्रज्ञ ल्यूस्यँ लेतिएरी यांनी केले. त्यांनी वर्णिलेल्या तीन जातींपैकी एकीला ॲटकिन्सन यांचे नाव मिळाले. आज ती ॲम्रिटोडस ॲटकिन्सनी या नावाने ओळखली जाते. इतर दोन म्हणजे इडिओस्कोपस क्लायपिॲलिस व इडिओस्कोपस निव्हिओस्पार्सस. यांपैकी शेवटची जाती वॉकर यांनी १८७० मध्येच वर्णिलेली होती असे पुढील संशोधकांचे मत पडल्याने नव्या ग्रंथांत ती इडिओस्कोपस निटिड्यूलस या नावाने येते. जुनी पत्रके चाळणाऱ्याने ही दोन नावे दोन किडींची समजू नयेत.

या तीन जाती एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्यात, हे सांगणे येथे आवश्यक आहे. कारण बागेत तीनही एकत्र सापडतात आणि नुसत्या डोळ्यांना सारख्याच पाचरीच्या आकाराच्या, डोक्याकडे रुंद व शेपटीकडे निमुळत्या दिसतात. लांबी साधारणतः ३ ते ५ मिमी. असते. ॲटकिन्सनी ही त्यांत सर्वांत मोठी. तिचा रंग फिकट तपकिरी असून पाठीवर पंखांच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणी भागावर (त्रिकोणिकेवर) दोन ठिपके असतात. खोडावर व जाड फांद्यांवर ती विशेष आढळते. क्लायपिॲलिस सर्वांत लहान. तिच्या त्रिकोणिकेवर दोन ठिपके असतातच, शिवाय डोक्याच्या माथ्यावरही काळसर ठिपके असतात. निव्हिओस्पार्ससच्या त्रिकोणिकेवर तीन ठिपके व पंखांवर आडवा पांढरा पट्टा असतो. मादी मोहोराच्या देठात व कळ्यांच्या पेशींत अंडी खुपसून घालते. काही दिवसांत बाहेर पडलेली पिल्ले पंखहीन असतात, पण तिरकी चालतात व रस शोषण्यात प्रौढांपेक्षा कमी नसतात. सु. दोन-तीन आठवड्यांत त्यांची वाढ पुरी होते. म्हणजे एका मोहोराच्या काळात एकामागून एक पिढ्या निघू शकतात. पहिल्या पिढीच्या वेळी दुर्लक्ष झाले, तर दुसऱ्या पिढीच्या वेळी उपाय करणे पुष्कळदा निरर्थक ठरते.

तुडतुड्यांना नाव मिळाले, पण नाव म्हणजे सर्व काही नव्हे. मोहोर गळण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठे कारण कोणतीही कीड नाही. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुले असतात. त्यांतील बहुसंख्य फुले केवळ नर असतात व ती गळून पडणे हेच त्यांचे प्राक्तन असते. द्विलिंगी फुलांपैकीही थोड्यांना फळ धरते आणि धरलेल्या फळांतली बहुतेक वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी असतानाच गळतात. तुऱ्यामागे एखादे फळ पाडाला आले तरी झाड भरघोस लागले असे म्हणतात. झाडाखाली पडलेला मोहोराचा सडा पाहून बागवान घाबरतो ते साहजिक आहे; परंतु सडा हा किडीचा पुरावा नव्हे. तुरा हातात धरून देठावर चिकटपणा आहे का, पिल्ले तिरकी पळतात का, पांढरा भुकटीसारखा थर आहे का, हे पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही.

मुंबई इलाख्याच्या कृषिखात्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत आंब्याकडे विशेष लक्ष दिले. बर्न्स व प्रयाग यांचे आंब्याविषयीचे पुस्तक १९२१ मध्ये त्या खात्यातर्फे निघाले. पां. वि. वागळे या नावाने नव्हे, तर केवळ ‘वागळे’ या आडनावाने शास्त्रीय वाङ्‌मयात उल्लेखिल्या जाणाऱ्या संशोधकांनी हापूसच्या परागणाचा व कोकणातील तुडतुड्यांचा अभ्यास केला. तुडतुड्यांविषयीचा त्यांचा निबंध १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी पुसा येथील साम्राज्य कीटकशास्त्रज्ञ मॅक्सवेल-लेफ्रॉय यांची इंडियन इन्सेक्ट पेस्ट्‌स (१९०६) व इंडियन इन्सेक्ट लाइफ (१९०९) ही पुस्तके आणि फ्लेचर यांचे दक्षिण भारतातील कीटकांवरील पुस्तक (१९१४) निघाली होती. किडीचे चित्र, तिचा जीवनक्रम, तिचे खाद्य व तिच्यावरील उपाय या क्रमाने लिहिण्याची पद्धत या पुस्तकांनी रूढ केली. आजची कृषिपत्रके तोच क्रम पाळतात. लेफ्रॉय यांचा अंत मात्र शोचनीय झाला. १९२५ मध्ये लंडन येथे कीटकनाशक वायूवर प्रयोग करीत असता त्या वायूनेच त्यांचा बळी घेतला.

याच काळात मोहोरावर गंधकाची भुकटी धुरळण्याचा उपाय रूढ झाला. गंधक हे मुख्यतः भुरीवरचे औषध. पण ज्या हवेत भुरी येते त्याच हवेत तुडतुडेही येतात. त्यामुळे गंधकाने मोहोर वाचला, तर वाचविले कोणापासून, हा प्रश्न बागेत कोणी विचारीत नसे. औषध लागू पडले म्हणजे निदान बरोबर होते असे नाही. जेव्हा पुढे केवळ कीटकांना मारणारी औषधे आली, तेव्हा त्यांची फवारणी करूनही काही बागांत मोहोर जळाला. तेथे खरा अपराधी भुरीची बुरशी होती आणि कीटकनाशकाचा तिच्यावर काहीच परिणाम होत नव्हता.

निदानातील अशाच एका गफलतीचे मोठे उदाहरण म्हणजे मोहोराची विकृती. या विकारात तुरा लांबण्याऐवजी आखडून गड्ड्यासारखा होतो, फुले जाड व नर बनतात आणि फळ धरत नाही. उत्तर भारतात हा विकार विशेष आढळतो. बिहारमधील दरभंगा येथून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची नोंद झाली. अशा गड्ड्यांत अतिसूक्ष्म कोळी (माइट) हटकून सापडतात, म्हणून दोष त्यांना देण्यात आला. कोणी विषाणूला, कोणी झाडातील संप्रेरकांच्या असमतोलाला जबाबदार धरले. १९६६ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी फ्युजेरियम बुरशीकडे बोट दाखविले, आणि या बुरशीला फ्युजेरियम मँजिफेरी असे स्वतंत्र नाव मिळण्यास २००२ साल उजाडले. कोळी घटनास्थळी होते हे खरे, बुरशीचे बीज वाहून नेण्यात त्यांचा हात असण्याचाही संभव आहे. पण मुख्य अपराध त्यांचा नव्हता. कोळीनाशके फवारून गड्डे नाहीसे झाले नाहीत. गड्डे कापून जाळणे हाच उपाय अखेर टिकला.

उदगीरचे नाव इतिहासात ३ फेब्रुवारी १७६० च्या लढाईमुळे आले. सदाशिवरावभाऊंनी निजामावर जय मिळविला तो आंब्याला मोहोर असण्याच्या दिवसांत. पुढे हा मुलूख निजामाच्याच राज्यात राहिला व उदगीर बीदर जिल्ह्याचा तालुका झाले. कीटकांच्या ओळखीच्या दृष्टीने या सरहद्दीला अर्थ आहे. मुंबई इलाख्याचे कृषिखाते, त्याची मराठी पत्रके व पुण्याचे कृषी महाविद्यालय एका बाजूस, तर उर्दूतून चालणारा हैदराबादचा राज्यकारभार दुसऱ्या बाजूस, अशी विभागणी होती. सोलापूरच्या शेतकऱ्यासाठी छापलेले पत्रक उदगीरच्या शेतकऱ्यासाठी नव्हते. पीक, माती व कीड मात्र दोघांचीही तीच. हैदराबाद संस्थानाने १९१८ मध्ये परभणी येथे प्रयोगक्षेत्र सुरू केले. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर बीदरमधून उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात आले व १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेले. परभणीला १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाल्यावर या भागातील किडींची नोंद या भागातच होऊ लागली. (विद्यापीठाला २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे.)

करडईवरील माव्याची कथा या विद्यापीठाच्या परिसराशी निगडित आहे. करडई हे मराठवाड्याचे जुने गळिताचे पीक. तिची फुले पूर्वी रंगासाठीही वेचली जात. मावा शेंड्यांवर व बोंडांच्या देठांवर दाट वसाहती करतो. तो काळपट असल्याने झाड काळे झाल्यासारखे दिसते आणि चिकट द्रवाने पाने चकाकतात. ग्रंथांत या एकाच माव्याचा उल्लेख मॅक्रोसायफम, डॅक्टिनोटस व यूरोल्युकॉन अशा वेगवेगळ्या प्रजातिनामांनी येतो, त्यामुळे जुन्या शिफारशी वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ उडतो. आज यूरोल्युकॉन कंपोझिटी हे नाव रूढ आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने नावापेक्षा दोन निरीक्षणे मोलाची ठरली. पहिले असे, की वेळेवर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पूर्वार्धात, पेरलेली करडई माव्याचा जोर येण्याआधीच निबर होते आणि उशिरा पेरलेली सापडते. दुसरे, की मावा आधी बांधाकडेच्या ओळींवर दिसतो. कडेच्या ओळींवरच वेळीच उपाय केला, तर सारे रान फवारावे लागत नाही. सोयाबीननंतर हरभरा घेण्याची चाल पडल्यापासून करडईचे क्षेत्र पुष्कळ घटले आहे. तरी जेथे ती पेरली जाते तेथे हे दोन नियम अजून खरे ठरतात.

करडईच्या शेतात आणखी एक गैरसमज नेहमी भेटतो. माव्याच्या वसाहतीत राखी रंगाची, नारिंगी ठिपक्यांची, सुसरीसारख्या ठेवणीची अळी फिरताना दिसते. ‘नवी कीड’ म्हणून प्रस्तुत लेखकापुढे आणल्या गेलेल्या नमुन्यांत या अळीची संख्या मोठी आहे. ती ढालकिड्याची (लेडीबर्ड भुंगेऱ्याची) अळी असून मावा हेच तिचे अन्न होय. प्रौढ ढालकिड्याला शेतकरी ओळखतो, त्याच्या लाल पाठीवरील ठिपक्यांमुळे मुलेही ओळखतात. पण पिल्लाचे रूप बापाशी जुळत नसल्याने रक्षकच भक्षक ठरून मारला जातो.

परसातील मोगऱ्यावर दोन किडी येतात व दोन्हींमुळे कळी उमलत नाही. कळीला बारीक भोक असून आत हिरवट अळी असेल, शेजारच्या कळ्या रेशमी धाग्यांनी जोडलेल्या असतील, तर ती कळी पोखरणारी अळी (हेन्डेकॅसिस डुप्लिफॅशिॲलिस) समजावी. ही एका लहान पांढुरक्या पतंगाची अळी होय. भोक नसून कळीचा बुडखा फुगलेला व कळी जांभळट झाली असेल, तर आत मिजमाशीच्या (कॉन्टॅरिनिया मॅक्युलिपेनिस) सूक्ष्म पांढऱ्या अळ्या असतात. या माशीचे वर्णन १९३३ मध्ये हवाई बेटांतील जास्वंदीच्या कळ्यांवरून करण्यात आले. पहिल्या प्रकारात कळ्या वेचून नष्ट केल्या की बरेचसे काम भागते. दुसऱ्यात अळ्या कोशासाठी जमिनीत उतरतात, म्हणून कळ्या वेचण्याबरोबर झुडपाखालची माती हलवून उन्हात तापू देणेही आवश्यक असते. जांभळट कळी ही थंडीने करपलेली समजून सोडून दिली, तर पुढल्या बहराला माशी तिप्पट होऊन येते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी व त्यामागोमाग बीएचसी भारतीय शेतीत आली आणि ओळखीचे महत्त्व काही काळ संपल्यासारखे झाले. जे औषध सर्व कीटकांना मारते त्यासाठी कीटक कोणता हे पाहण्याचे कारण उरले नाही. सुरपालाच्या धुरीचा न्याय असा नव्या साधनानिशी परत आला. फरक इतकाच, की धुरीने कोणाचे फारसे बिघडत नसे. आंब्याचे परागण मुख्यतः माश्या व इतर लहान कीटक करतात, करडईवर मधमाश्यांची झुंबड असते. ऐन फुलोऱ्यात केलेल्या फवारणीने मोहोर वाचून फळ न धरल्याची उदाहरणे यामुळेच घडतात. शेतीसाठी डीडीटीचा वापर भारतात १९८९ मध्ये बंद करण्यात आला, बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. दरम्यान फवारणीचा आग्रह मोहोर फुटण्यापूर्वीची व कळी अवस्थेतली वेळ साधण्याकडे वळला. २००९ पासून महाराष्ट्रात क्रॉपसॅप ही कीडसर्वेक्षणाची योजना चालू झाली व पुढे फळपिकांसाठीही तशीच योजना आली. ठरावीक झाडे ठरावीक दिवशी पाहून किडी मोजणे, हे या योजनांचे मूळ काम. त्यामुळे ‘रोग पडला’ या वाक्याच्या जागी तुऱ्यामागे तुडतुडे किती, हा प्रश्न निदान कागदावर तरी आला.

नावाने केलेली फसगत किती महाग पडते याचे अलीकडचे उदाहरण फुलकिड्यांचे आहे. मराठीत ‘फुलकिडे’ हे नाव झालरपंखी (थायसॅनॉप्टेरा) गणातील सर्वच बारीक कीटकांना सरसकट दिले जाते. वास्तविक मिरचीवर नेहमी येणारी जाती, सिर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस, फुलांपेक्षा कोवळ्या पानांवरच अधिक असते व पाने वरच्या बाजूस वळवून होडीसारखी करते. हिचे वर्णन १९१९ मध्ये कोईमतूरच्या नमुन्यांवरून झाले होते आणि शंभर वर्षे मिरचीचा फुलकिडा म्हणजे हीच, असे समीकरण बसले होते. २०१५ मध्ये थ्रिप्स पार्व्हिस्पिनस ही आग्नेय आशियातील जाती बंगळूर येथे पपईवर आढळल्याची नोंद झाली. २०२१-२२ च्या हंगामात तिने आंध्र प्रदेश व तेलंगण येथील मिरचीत हाहाकार माजविला. तेलंगण उदगीर-देगलूरच्या शिवेला लागून आहे आणि नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तर मिरचीच्या व्यापाराचे गावच आहे. नवी जाती खऱ्या अर्थाने फुलात राहणारी. एकेका फुलात ती अनेक संख्येने दडते, पाकळ्या खरवडते, फूल गळते व फळच धरत नाही. शेतकरी मात्र जुन्या ओळखीप्रमाणे पाने पाहत होते आणि पानांवर फवारीत होते. एकामागून एक औषधे बदलूनही फुले गळतच राहिली. ‘फुलकिडे’ हा शब्द दोघींनाही लागू असल्याने, आलेली कीड नवी आहे हे सांगण्यास बोलीभाषेत शब्दच नव्हता. ‘काळे फुलकिडे’ हे नाव त्यानंतर रूढ झाले.

या दोहोंतील भेद पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडत नाही. उमललेली पाच-सहा फुले पांढऱ्या कागदावर हळूच झटकावीत व भिंगातून पाहावे. फिकट पिवळे, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे कीटक बहुधा जुन्या ओळखीचे असतात. काळपट तपकिरी व चपळपणे पळणारे असतील, तर त्या नव्या जातीच्या माद्या असण्याचा संभव अधिक असतो. तिचे नर मात्र पिवळेच असतात, म्हणून केवळ पिवळ्या रंगावरून निर्धास्त राहू नये. काही नमुने मद्यार्कात ठेवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावेत. आंब्याचा तुरा, मोगऱ्याची कळी व शेवंतीचे फूल यांनाही हीच कागदाची रीत चालते, आणि सकाळी उन्हे तापण्यापूर्वी ती केली असता कीटक लवकर उडून जात नाहीत.